ताईची किडनी आणि तिच्यासोबत आलेला विषाणू

प्रत्यारोपणापूर्वी माझ्या आणि ताईच्या ज्या अनेक तपासण्या झाल्या, त्यांपैकी रक्तगट, ऊतींची जुळणी आणि क्रॉसमॅच या तीन अहवालांची घरातले सगळे वाट पाहत होते. त्याच कागदांमध्ये 'सीएमव्ही आयजीजी' अशी एक ओळ होती. ताईच्या अहवालात तिच्यापुढे 'पॉझिटिव्ह' लिहिलेले होते आणि माझ्या अहवालात 'निगेटिव्ह'. किडनी जुळते आहे हे सांगून झाल्यावर आमच्या नेफ्रॉलॉजिस्ट मॅडमनी त्या ओळीभोवती पेनने गोल काढला आणि म्हणाल्या, "शस्त्रक्रियेइतकेच हेही नीट समजून घ्या. पुढचे वर्षभर आपल्याला याच्यावर लक्ष ठेवायचे आहे." किडनीचे प्रत्यारोपण झालेल्या माणसाच्या आयुष्यात विषाणूसंसर्गाला किती जागा असते, हे मी त्या ओळीपासून शिकत गेले, आणि जे शिकले ते सविस्तर लिहून ठेवावे असे मला वाटते.

सीएमव्ही म्हणजे सायटोमेगॅलोव्हायरस, आणि आयजीजी म्हणजे त्याचा संसर्ग पूर्वी होऊन गेल्याचे सांगणारी रक्तातली प्रतिपिंडे. हा हर्पीस कुळातला विषाणू आहे; कांजिण्यांचा विषाणूही याच कुळातला. या कुळातले विषाणू एकदा शरीरात शिरले की पूर्णपणे कधीच बाहेर जात नाहीत. बहुतेक माणसांना सीएमव्हीचा संसर्ग लहानपणी किंवा तरुणपणी लाळेतून आणि शरीरातील इतर स्रावांतून होतो, थोडाफार ताप येतो किंवा काहीच जाणवत नाही, आणि त्यानंतर विषाणू काही पेशींमध्ये सुप्त अवस्थेत आयुष्यभर पडून राहतो. त्याने पुन्हा डोके वर काढू नये म्हणून रोगप्रतिकारक यंत्रणेतील टी-पेशी अखंड पहारा देत असतात. ताईच्या शरीरात हा पहारा वर्षानुवर्षे चोख चालू होता आणि तिला त्याची कल्पनाही नव्हती. माझ्या टी-पेशींनी मात्र हा विषाणू कधी पाहिलेलाच नव्हता. ताईच्या किडनीतून तो माझ्या शरीरात येणार होता, आणि नेमक्या त्याच काळात किडनी नाकारली जाऊ नये म्हणून माझ्या टी-पेशी औषधांनी दाबून ठेवल्या जाणार होत्या. दाता पॉझिटिव्ह आणि घेणारा निगेटिव्ह ही सीएमव्हीच्या दृष्टीने सर्वांत जास्त धोक्याची जोडी मानली जाते, ती याच कारणाने.

हे ऐकून ताई अस्वस्थ झाली. "माझ्यामुळे हिला आजार होणार असेल, तर दुसरा दाता शोधायचा का?" असे तिने तिथेच विचारले. मॅडमनी तिला समजावले, की प्रौढ माणसांपैकी बहुतेक जण सीएमव्ही पॉझिटिव्हच असतात, त्यामुळे निगेटिव्ह दाता शोधत बसण्यात हाती काही लागेलच असे नाही. डायलिसिसवर काढलेले प्रत्येक वर्ष मात्र शरीराला महागात पडते, आणि सीएमव्हीला प्रतिबंध करणारी आणि तो उलटल्यावर बरे करणारी औषधे उपलब्ध आहेत. ताईने मान डोलावली, तरी तिच्या मनातून ती गोष्ट गेली नाही हे मला नंतर अनेकदा जाणवले. दात्यांशी या विषयावर आधीच आणि मोकळेपणाने बोलले जायला हवे, असे माझे ठाम मत झाले आहे. किडनी देणाऱ्या माणसाला आपण सोबत काहीतरी वाईटही दिले असे वाटत राहणे अन्यायाचे आहे, आणि दोन-चार वाक्यांच्या नीट खुलाशाने ते ओझे बरेच हलके होऊ शकते.

शस्त्रक्रिया सुरळीत पार पडली आणि किडनी टेबलावरच काम करू लागली. त्यानंतर टॅक्रोलिमस, मायकोफेनोलेट आणि प्रेडनिसोलोन या प्रतिकारशक्ती दाबणाऱ्या तीन औषधांचा क्रम सुरू झाला. १९५४ साली बॉस्टनमध्ये जोसेफ मरे यांनी मूत्रपिंडाचे पहिले यशस्वी प्रत्यारोपण केले, तेव्हा रुग्णाला अशी औषधे द्यावी लागली नाहीत, कारण देणारा आणि घेणारा हे एकसारखे जुळे भाऊ होते. घेणाऱ्याच्या शरीराला ती किडनी परकी वाटलीच नाही. आम्हां बाकीच्यांना ही सोय नाही. सख्ख्या बहिणीची किडनी असली तरी ती परकीच, आणि तिचा स्वीकार करायला लावण्यासाठी शरीराची ताकद जितकी कमी करावी, तितकी विषाणूंना मोकळीक मिळते. औषध कमी पडले तर रिजेक्शन, म्हणजे शरीराने किडनी नाकारणे, आणि जास्त झाले तर संसर्ग, या दोन टोकांच्या मध्ये प्रत्येक रुग्णाचा आपला असा एक अरुंद पट्टा असतो, आणि तो शोधण्यात पहिले वर्ष जाते.

पहिले सहा महिने मला व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर हे प्रतिबंधक औषध रोज घ्यायचे होते. सहा महिनेच का, याचे उत्तर मला मॅडमनी एका अभ्यासाच्या आधारे दिले. २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या त्या चाचणीत माझ्यासारख्या, म्हणजे दाता पॉझिटिव्ह आणि स्वतः निगेटिव्ह असलेल्या किडनी-रुग्णांना एका गटात शंभर दिवस आणि दुसऱ्या गटात दोनशे दिवस हे औषध दिले होते. वर्षभरात शंभर दिवसांच्या गटातील सुमारे ३७ टक्के रुग्णांना सीएमव्हीचा आजार झाला, तर दोनशे दिवसांच्या गटात हे प्रमाण सुमारे १६ टक्के होते. मी हे आकडे लिहून घेतले होते, कारण त्यांत दोन गोष्टी एकदम कळतात. औषध जास्त काळ घेतल्याचा फायदा मोठा आहे. आणि तरीही, सगळे नियम पाळूनसुद्धा, सहा-सात जणांपैकी एकाला आजार होतोच. त्या एकामध्ये पुढे माझी गणना झाली, तेव्हा कोणाचे काही चुकले असे वाटून घेण्याची गरज पडली नाही.

व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची मात्रा किडनीच्या कार्यक्षमतेवरून ठरते, म्हणून क्रिॲटिनीन, म्हणजे किडनीचे काम मंदावले की रक्तात वाढणारा घटक, बदलले की मात्राही बदलायची. या औषधाचा सर्वांत त्रासदायक परिणाम अस्थिमज्जेवर होतो. मायकोफेनोलेटही तिथेच परिणाम करते, त्यामुळे दोन्ही औषधे एकत्र घेत असताना माझ्या रक्तातील पांढऱ्या पेशी हळूहळू कमी होत गेल्या. एका नातेवाइकांनी कळवळ्याने सुचवले, की विषाणू तर अजून सापडलेला नाही, मग ही गोळी अर्धी करून पाहावी. मी ते मॅडमना विचारले, तेव्हा त्यांनी जे सांगितले ते माझ्या मते अशा प्रत्येक रुग्णाला माहीत असले पाहिजे. विषाणूरोधक औषध अपुऱ्या मात्रेत घेतले, तर विषाणू मरत नाही, उलट त्या औषधाला दाद न देणारे त्याचे प्रकार निवडले जाऊन वाढतात. म्हणून पेशी कमी झाल्या की आधी इतर औषधांकडे पाहायचे, मायकोफेनोलेट कमी करता येते का ते तपासायचे, गरज पडली तर पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने द्यायची. पण व्हॅलगॅन्सिक्लोव्हिर किडनीच्या हिशेबाने जेवढे हवे तेवढेच द्यायचे. माझ्याबाबतीत मायकोफेनोलेट थोडे कमी केल्यावर पेशी सावरल्या.

सहा महिने संपले आणि गोळी बंद झाली. घरच्यांना तो दिवस आनंदाचा वाटला. वैद्यकीय दृष्टीने मात्र सर्वांत सावध राहण्याचा काळ तेव्हा सुरू होतो. प्रतिबंधक औषध चालू असताना विषाणूला डोके वर काढता येत नाही, म्हणून माझ्यासारख्या रुग्णाच्या टी-पेशींना त्याची ओळख करून घेण्याची संधीही मिळत नाही. औषध थांबते, विषाणू वाढू लागतो, आणि शरीर त्याला पहिल्यांदाच सामोरे जाते. याला उशिरा येणारा सीएमव्ही म्हणतात, आणि तो बहुधा औषध थांबल्यानंतरच्या तीन-चार महिन्यांत गाठतो. त्या काळात रुग्ण बरा झालेला असतो, कामावर परतलेला असतो, दवाखान्याच्या फेऱ्या कमी झालेल्या असतात. नेमका तेव्हाच आलेला हलका ताप साधा समजून अंगावर काढला जाण्याची शक्यता फार असते.

माझ्याबाबतीत सुरुवात थकव्याने झाली. सकाळी उठतानाच अंगात शक्ती नसे, संध्याकाळी कणकण वाटे आणि तोंडाची चव गेलेली असे. पुढे जुलाब सुरू झाले. मला दिलेल्या सूचनांच्या कागदावर लिहिलेले होते, की ताप ३८ अंश सेल्सिअसवर, म्हणजे १००.४ फॅरनहाइटवर गेला, तर वेळ पाहू नये, फोन करावा. त्याप्रमाणे मी ट्रान्सप्लांट को-ऑर्डिनेटरना फोन केला. त्यांनी त्याच दिवशी रक्त द्यायला बोलावले आणि एक सूचना केली, ती अशी की सकाळची टॅक्रोलिमसची गोळी रक्त दिल्यानंतरच घ्यायची. या औषधाची रक्तातली पातळी पुढच्या मात्रेच्या आधी, म्हणजे ती सर्वांत कमी असताना मोजतात. गोळी घेऊन रक्त दिले तर आकड्याला अर्थ उरत नाही.

अहवाल आले तेव्हा पांढऱ्या पेशी आणि प्लेटलेट दोन्ही कमी होते, यकृताची एन्झाइम्स किंचित वाढलेली होती, आणि क्रिॲटिनीनही वर गेले होते. या शेवटच्या आकड्याने आम्ही सगळे हादरलो. प्रत्यारोपण झालेल्या घरात क्रिॲटिनीन वाढणे म्हणजे रिजेक्शन, असेच समीकरण मनात बसलेले असते, आणि रिजेक्शनचा उपचार म्हणजे स्टेरॉइडचे मोठे डोस, म्हणजे प्रतिकारशक्ती आणखी कमी करणे. संसर्ग असताना ते करणे किती धोक्याचे, हे मला एव्हाना कळत होते. मॅडमनी घाई केली नाही. टॅक्रोलिमसची पातळी आली, ती नेहमीपेक्षा बरीच जास्त होती. जुलाबात आतड्याचे अस्तर बिघडते, आणि हे औषध एरवी ज्या प्रमाणात आतड्यातच अडवले व मोडले जाते ते होत नाही, त्यामुळे रक्तात ते जास्त पोहोचते. जास्त झालेले टॅक्रोलिमस किडनीकडे जाणाऱ्या रक्तवाहिन्या आकुंचित करते, आणि जुलाबांनी शरीरातले पाणीही कमी झालेले असते. क्रिॲटिनीन वाढण्याला ही दोन कारणे पुरेशी होती. सलाइन लावले, टॅक्रोलिमसची मात्रा उतरवली आणि रोज तपासणी सुरू झाली. त्याच्याच जोडीला बीके विषाणूची तपासणीही पाठवली गेली, तिच्याविषयी पुढे लिहिते.

सीएमव्हीचा पीसीआर, म्हणजे विषाणूचे जनुकद्रव्य शोधणाऱ्या तपासणीचा, अहवाल पॉझिटिव्ह आला. रक्ताच्या एका मिलिलिटरमध्ये विषाणूच्या जनुकद्रव्याचे किती आंतरराष्ट्रीय एकक आहेत ते त्यात दिलेले असते, आणि सोबत तोच आकडा लॉग मापातही असतो. मला सुरुवातीला हा लॉगचा आकडा निरुपयोगी वाटला होता, पण खरे वाचायचे असते ते तेच. लॉगमध्ये एकने फरक म्हणजे विषाणू दहापट वाढला किंवा दहापट घटला. अर्ध्याहून कमी फरकाला फारसा अर्थ देत नाहीत, कारण तपासणीतच तेवढा चढउतार होऊ शकतो. दुसरे असे, की एका प्रयोगशाळेचा आकडा दुसरीच्या आकड्याशी ताडून पाहणे बरोबर नाही, आणि पूर्ण रक्तातला आकडा प्लाझ्मातल्या आकड्यापेक्षा वेगळा येतो. जागतिक आरोग्य संघटनेचे आंतरराष्ट्रीय प्रमाण २०१० मध्ये आल्यापासून एककांमध्ये बरीच एकवाक्यता आली असली, तरी सगळ्या तपासण्या एकाच ठिकाणी कराव्यात हाच सल्ला मला मिळाला आणि तो मी आजही पाळते.

जुलाबांमुळे आतड्यालाही संसर्ग झाला असावा अशी शंका होती. रक्तातील विषाणूच्या आकड्यावरून आतड्याचा आजार ठरवता येत नाही. काही रुग्णांमध्ये आतड्यात व्रण असूनही रक्तातला पीसीआर निगेटिव्ह येतो, विशेषतः ज्यांना प्रत्यारोपणापूर्वीच संसर्ग होऊन गेलेला असतो त्यांच्यात. म्हणून कोलोनोस्कोपी करून तुकडा घेतला गेला. पॅथॉलॉजिस्टच्या अहवालात सीएमव्हीची लागण झालेल्या मोठ्या पेशी दिसल्याचे लिहिलेले होते. या पेशींच्या केंद्रात गडद ठिपका आणि त्याच्याभोवती फिकट वलय असते, त्यामुळे त्या घुबडाच्या डोळ्यासारख्या दिसतात असे वर्णन पाठ्यपुस्तकांतही आहे. निदान पक्के झाले आणि मला भरती करून घेतले.

सौम्य आणि मध्यम आजारात व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरच्या गोळ्याही शिरेतून दिल्या जाणाऱ्या औषधाइतक्याच उपयोगी ठरतात, हे २००७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका चाचणीने दाखवलेले आहे. पण माझे आतडे बिघडलेले असल्याने गोळी किती शोषली जाईल याची खात्री नव्हती, म्हणून गॅन्सिक्लोव्हिर शिरेतून सुरू झाले. दर बारा तासांनी एक बाटली, साधारण तासभर. ती लावताना परिचारिका हातमोजे घालून काम करत, कारण हे औषध पेशींच्या वाढीवर परिणाम करणारे आहे आणि ते त्वचेला लागू देत नाहीत. त्याच कारणाने व्हॅलगॅन्सिक्लोव्हिरची गोळीही तोडू किंवा चुरू नये असे सांगितले जाते. मायकोफेनोलेट पूर्ण थांबवले, टॅक्रोलिमस आणि प्रेडनिसोलोन चालू ठेवले. प्रतिकारशक्तीला थोडी मोकळीक दिल्याशिवाय नुसत्या औषधाने विषाणू हटत नाही, हे तत्त्व मला तेव्हा पुरते पटले.

पहिल्या आठवड्यानंतरच्या पीसीआरमध्ये विषाणूचा आकडा खाली आला नव्हता, उलट किंचित वर गेला होता. ताई त्या दिवशी माझ्याजवळ बसलेली होती, आणि तिच्या चेहऱ्यावरून तिने मनात काय धरले ते मला दिसत होते. मॅडमनी आम्हां दोघींना सांगितले, की उपचाराच्या सुरुवातीच्या दिवसांत असे होऊ शकते आणि लगेच औषध बदलण्याचे कारण नाही. योग्य मात्रेत दोन आठवडे उपचार होऊनही आकडा एका लॉगनेसुद्धा उतरला नाही, तरच विषाणू औषधाला जुमानत नाही असे धरायचे आणि त्याच्या यूएल९७ आणि यूएल५४ या जनुकांची तपासणी करायची. यूएल९७ मध्ये बदल झालेला असेल, तर गॅन्सिक्लोव्हिर पेशीत गेल्यावर सक्रिय होत नाही, कारण ते सक्रिय करण्याचे पहिले काम विषाणूचेच ते एन्झाइम करते. तशी वेळ आली तर पूर्वी फॉस्कार्नेट हा मुख्य पर्याय असे, आणि ते किडनीला इजा करणारे औषध आहे. २०२१ मध्ये अमेरिकेत मान्यता मिळालेले मॅरिबाव्हिर हे अशा रुग्णांसाठी आता उपलब्ध झाले आहे. "पण तुमच्यावर ती वेळ येईल असे मला वाटत नाही," असे म्हणून मॅडम ताईकडे वळल्या आणि म्हणाल्या, "ताई, हा विषाणू तुमच्या घरात राहत होता, पण तुम्ही तो पाठवलेला नाही. हिला तो पुढे कुठूनही लागू शकला असता." पुढच्या आठवड्यात आकडा एका लॉगहून अधिक उतरला. त्या संध्याकाळी ताई बऱ्याच दिवसांनी घरी जाऊन झोपली.

वॉर्डातल्या त्या मुक्कामात मला दुसऱ्या एका विषाणूची ओळख झाली. माझ्यासारखाच प्रत्यारोपण झालेला एक तरुण शेजारच्या खोलीत होता. त्याला ताप नव्हता, थकवा नव्हता, लघवीची तक्रार नव्हती. फक्त नियमित तपासणीत बीके विषाणू रक्तात सापडला होता आणि क्रिॲटिनीन वाढू लागले होते. हा विषाणू १९७१ मध्ये लंडनमधील एका किडनी-रुग्णाच्या लघवीत प्रथम सापडला आणि त्या रुग्णाच्या नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला बीके म्हणू लागले. तोही लहानपणीच बहुतेकांच्या शरीरात शिरतो आणि मूत्रमार्गाच्या पेशींमध्ये गुपचूप राहतो. प्रतिकारशक्ती दबली की तो नव्या किडनीच्या नलिकांवरच हल्ला करतो. त्याच्यावर खात्रीचे विषाणूरोधक औषध नाही. रिजेक्शनविरोधी औषधे कमी करणे हाच उपचार. त्या तरुणाच्या आईचा प्रश्न मला फार समर्पक वाटला होता: "किडनी वाचवण्यासाठी जी औषधे सुरू केली, तीच कमी केली तर किडनी राहील कशी?" तिला मिळालेले उत्तर असे होते, की विषाणूला मोकळे सोडले तर किडनी नक्की जाईल, आणि औषधे पायरीपायरीने कमी करत दर दोन आठवड्यांनी क्रिॲटिनीन आणि विषाणूचा आकडा पाहत राहिले, तर दोन्हींतून मार्ग निघण्याची शक्यता चांगली आहे. माझा बीकेचा अहवाल निगेटिव्ह आला. तरी पहिले नऊ महिने दरमहा आणि पुढे दोन वर्षे होईपर्यंत दर तीन महिन्यांनी ही तपासणी करायची असते, आणि काहीही त्रास होत नसताना ती करायची असते, हे मी त्या मुलामुळे कधी विसरले नाही. लक्षणे दिसण्याची वाट पाहिली तर बीकेच्या बाबतीत फार उशीर झालेला असतो.

त्याच मजल्यावर हृदयविकारासाठी भरती झालेले एक वयस्कर गृहस्थ होते. त्यांचे प्रत्यारोपण वगैरे काही झालेले नव्हते. एका रात्री त्यांना ताप आणि धाप लागली, आणि नाकातून घेतलेल्या नमुन्यात इन्फ्लुएन्झा निघाला. प्रौढ रुग्णाला रुग्णालयात ताप आला की जिवाणूंचा संसर्ग धरून अँटिबायोटिक सुरू करण्याकडे कल असतो, आणि श्वसनमार्गाच्या विषाणूंचा विचार मागे पडतो. तो पडू नये असे मला आग्रहाने वाटते. इन्फ्लुएन्झा, आरएसव्ही, करोना हे विषाणू वयस्कर आणि आजारी माणसांत नुसते सर्दी-खोकल्यावर थांबत नाहीत. कॅनडात झालेल्या आणि २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात इन्फ्लुएन्झाचे निदान झाल्यानंतरच्या पहिल्या आठवड्यात हृदयविकाराच्या झटक्याचा धोका सहापट आढळला होता. शिवाय ऑसेल्टामिव्हिर हे औषध जितके लवकर, शक्यतो पहिल्या ४८ तासांत सुरू होईल, तितका त्याचा उपयोग जास्त. त्या गृहस्थांच्या बाबतीत डॉक्टरांनी अहवालाची वाट न पाहता ते सुरू केले होते. त्यांना वेगळ्या खोलीत हलवले, आणि आम्हां प्रत्यारोपण झालेल्या रुग्णांच्या खोल्यांत येणाऱ्यांवर निर्बंध आले. मलाही काही दिवस किडनीच्या हिशेबाने कमी मात्रेत ऑसेल्टामिव्हिर प्रतिबंधक म्हणून दिले. सीएमव्हीसाठी मात्र मला कोणापासून वेगळे ठेवलेले नव्हते, कारण तो श्वासातून हवेत पसरत नाही. हात धुणे आणि स्रावांबाबतची नेहमीची काळजी पुरते. भेटायला येणाऱ्या काही जणांना हे उलटे वाटे. ते माझ्याजवळ यायला बिचकत आणि स्वतःला सर्दी असताना मास्क मात्र लावत नसत. धोका त्यांना माझ्यापासून नव्हता, मला त्यांच्यापासून होता.

आतडे सावरल्यावर मला गोळ्यांवर आणले आणि घरी सोडले. उपचाराची मात्रा किमान दोन आठवडे, आणि त्यापुढे लक्षणे जाऊन रक्तातला विषाणू ठरावीक पातळीखाली येईपर्यंत चालू ठेवायची असते. लक्षणे गेली म्हणून थांबायचे नाही, हा या टप्प्याचा सगळ्यात कठीण भाग, कारण माणसाला बरे वाटू लागलेले असते आणि औषधाने पांढऱ्या पेशी पुन्हा खाली गेलेल्या असतात. मला त्या काळात पांढऱ्या पेशी वाढवणारी इंजेक्शने घ्यावी लागली. त्यानंतर काही महिने प्रतिबंधक मात्रा आणि नियमित पीसीआर. मायकोफेनोलेट हळूहळू आणि आधीपेक्षा कमी मात्रेत परत सुरू झाले. सीएमव्हीचा आजार होऊन गेलेल्यांमध्ये पुढे रिजेक्शनचा धोका वाढतो, हेही मला सांगितले गेले होते, त्यामुळे दर वेळी क्रिॲटिनीनचा अहवाल उघडताना धडधड होई. ते जागेवर राहिले. नंतरच्या एका तपासणीत माझी सीएमव्ही आयजीजी पॉझिटिव्ह आली, म्हणजे माझ्याही शरीराने आता या विषाणूची ओळख करून घेतली होती.

लशींबाबत एक गोष्ट लिहिणे आवश्यक आहे. जिवंत विषाणू असलेल्या लशी, उदाहरणार्थ कांजिण्यांची किंवा गोवर-गालगुंड-रुबेलाची, प्रत्यारोपणानंतर देत नाहीत, म्हणून त्या घ्यायच्या असतील तर पुरेसा अवधी ठेवून आधीच घ्याव्या लागतात. मला हे डायलिसिस सुरू होते तेव्हाच सांगितले गेले आणि त्याचा फायदा झाला. इन्फ्लुएन्झाची मृत विषाणूची लस दरवर्षी घेता येते. आमच्यासारख्यांत तिचा प्रतिसाद कमी असतो, म्हणून घरातल्या सगळ्यांनी ती घेणे हे माझे खरे संरक्षण. ताई ती न चुकता घेते आणि एक किडनी असलेल्या दात्याने दरवर्षी करायच्या रक्तदाबाच्या, लघवीच्या आणि क्रिॲटिनीनच्या तपासण्याही करून घेते.

अलीकडे मला करोना झाला, तेव्हा या सगळ्या शिकण्याचा उपयोग झाला. जवळच्या डॉक्टरांनी निरमाट्रेल्व्हिर आणि रिटोनाव्हिर यांच्या जोडगोळीचा विचार केला होता, आणि सामान्य रुग्णासाठी तो योग्यही होता. पण रिटोनाव्हिर टॅक्रोलिमसचे विघटन अडवते, आणि रक्तातली पातळी काही दिवसांतच धोकादायक उंचीला जाऊ शकते. मी घेत असलेल्या औषधांची यादी त्यांच्यापुढे ठेवली आणि तिथूनच को-ऑर्डिनेटरना फोन लावून दिला. दोघांचे बोलणे झाले, आणि गोळ्यांऐवजी रेमडेसिव्हिरची इंजेक्शने सलग तीन दिवस घ्यायचे ठरले. मायकोफेनोलेट तात्पुरते थांबवले. आठवड्याने टॅक्रोलिमसची पातळी, क्रिॲटिनीन आणि खबरदारी म्हणून सीएमव्हीचा पीसीआर अशा तीन तपासण्या झाल्या. पहिले दोन आकडे नेहमीच्या मर्यादेत होते, पीसीआरमध्ये विषाणू आढळला नाही, आणि मायकोफेनोलेट पुन्हा सुरू करायला सांगणारा फोन त्याच दुपारी आला.